इतिहासाचा निबंध : विषय नव्हे, प्रश्न द्यावा

महाराष्ट्र दिन अथवा स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने गावोगावी शालेय विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धा होतात. बक्षिसाची रक्कम पुष्कळदा ग्रामपंचायत देते आणि परीक्षक म्हणून एखाद्या अधिकाऱ्यास पाचारण केले जाते. अशाच एका स्पर्धेतील इतिहासविषयक निबंध तपासण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. अक्षर सुवाच्य होते, सनावळ्याही अचूक होत्या. परंतु बहुतेक निबंधांचे पहिले वाक्य एकच होते आणि शेवटचेही. मार्गदर्शकातील उतारा पाठ करून उतरविला म्हणजे निबंध झाला, अशी मुलांची प्रामाणिक समजूत होती. हा दोष मुलांचा नव्हे. आपण त्यांना विषय देतो, प्रश्न देत नाही.

‘दख्खनचे दंगे’ एवढेच फळ्यावर लिहिले, तर मूल सर्व काही सांगू पाहते आणि दोन पानांत काहीच सांगू शकत नाही. त्याऐवजी ‘१८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे का जाळली?’ असे विचारून पाहावे. काय घ्यावे आणि काय गाळावे, हे मग प्रश्नच ठरवितो.

आरंभीच्या परिच्छेदात घटना आणि उत्तर ही दोन्ही यावीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते हस्तगत करून जाळली; कारण कर्ज फिटण्याची आशा संपली होती आणि कर्जाचा पुरावा कागदावर होता. तीन-चार वाक्ये पुरेत. ‘प्राचीन काळापासून भारत हा कृषिप्रधान देश आहे’ ही प्रस्तावना येथे निरुपयोगी होय.

मधला भाग खरा कसोटीचा. येथे कारणांची यादी नको, साखळी हवी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, म्हणून इंग्लंडला हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. म्हणून भाव चढले आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव उतरले. नेमक्या त्याच सुमारास जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत साधारणतः तीन वर्षांवर आणली होती. कायद्याचा हेतू ऋणकोचे संरक्षण हा. परिणाम उलटा झाला. मुदत संपताच थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाई आणि निरक्षर कुणबी त्यावर अंगठा उठवी. ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ हे शब्द निबंधात किती वेळा व कोठे आले, एवढे पाहिले तरी विद्यार्थ्याला विषय उमगला की नाही ते परीक्षकाला कळते.

विधानाला पुरावा हवा, हेही याच ठिकाणी शिकविता येते. जेथे सावकारांनी खते मुकाट्याने दिली, तेथे बहुधा पुढे काही घडले नाही, अशी नोंद दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेच केली आहे. जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता, हे त्यावरून दिसते. हा एक तपशील दहा विशेषणांहून मोलाचा आहे. मात्र आयोग सरकारने नेमलेला होता आणि वाढीव साऱ्याला त्याने मुख्य कारण मानले नाही. असे का, हा प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना अवश्य विचारावा. उत्तरे चकित करणारी येतात.

शेवटच्या परिच्छेदात परिणाम सांगून थांबावे. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर व सातारा या जिल्ह्यांत तो लागू झाला आणि कर्जाच्या मूळ व्यवहाराचा तपास करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

तीनशे शब्दांत एवढे बसते. स्पर्धेचा विषय निदान आठ दिवस आधी आणि प्रश्नचिन्हासह जाहीर करावा, म्हणजे मुलांना घरातील वडीलधाऱ्यांना चार गोष्टी विचारण्यास सवड मिळेल. जुन्या घरांच्या माळ्यावर अशी खते अजूनही सापडतात. एखादे शाळेत आणून वाचून घेता आले, तर त्या दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवण्यास हरकत नसावी.