साधनाची पारख

मुळशी तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणी हे गाव आहे. पुण्याहून कोकणात माणगावकडे उतरणारा घाट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस कोसळतो आणि उतारांवरील खाचरांत भात डोलू लागते. कापणीचे दिवस जवळ आले, की शेतकरी नवा विळा घेण्यासाठी बाजारात जातो. पाते किती चकाकते एवढेच पाहून तो विळा घेत नाही. धारेवरून तो हलकेच अंगठा फिरवतो, मूठ हातात धरून पाहतो, पाते मुठीत घट्ट बसले आहे की नाही याची खात्री करून घेतो. "हा विळा चांगला आहे काय?" एवढाच त्याचा प्रश्न नसतो. "माझ्या कामाला हा विळा चांगला आहे काय?" असा त्याचा प्रश्न असतो. या दोन प्रश्नांमधील अंतर ज्याला कळले, त्याला साधनाची पारख करता येते.

आजच्या युगात लोखंडाच्या साधनांबरोबर संगणकातील साधनेही माणसाच्या हाती आली आहेत. त्यांचीही पारख करावी लागते. अशाच एका साधनाचा येथे विचार करावयाचा आहे.

जिनेव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरील माहिती एकमेकींशी जोडावी आणि ती कोणालाही कोठूनही वाचता यावी, अशी ती योजना होती. तिच्यातूनच आजचे माहितीचे विश्वव्यापी जाळे निर्माण झाले. या जाळ्यातील पाने ज्या रीतीने लिहितात, तिला 'एचटीएमएल' म्हणतात. छापखान्यात मजकूर पाठविताना हस्तलिखितावर 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'येथे चित्र' अशा खुणा करीत असत. एचटीएमएलमध्येही तसेच असते. येथे मात्र या खुणा कोनी कंसांत लिहितात. मजकूर जेथे सुरू होतो तेथे एक खूण आणि जेथे संपतो तेथे दुसरी, अशा त्या बहुधा जोडीने येतात. या खुणांसह मजकूर लिहिण्यास व दुरुस्त करण्यास जी आज्ञावली साहाय्य करते, तिला संपादक म्हणतात. १९९० साली बर्नर्स-ली यांनी तयार केलेली पहिली आज्ञावली पाने दाखविण्याचे आणि लिहिण्याचे, अशी दोन्ही कामे करीत असे.

आता समजा, ताम्हिणीतील काही मुलांनी आपल्या गावाची माहिती देणारे एक पान तयार करावयाचे ठरविले. घाटरस्ता, विंझाई देवीचे मंदिर, अभयारण्यातील शेकरू, १९२१ साली धरणाविरुद्ध सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह, असे अनेक विषय त्यांनी निवडले. मग संपादक कोणता घ्यावा, असा प्रश्न उभा राहिला. एक म्हणाला, "जो दिसायला सुंदर असेल तो घेऊ." दुसरी म्हणाली, "जो फुकट मिळेल तो घेऊ." तिसरा म्हणाला, "शहरातील मोठे लोक जो वापरतात तोच घेऊ." या तिघांचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते, परंतु त्यात पारख नव्हती. पारख करावयाची तर आपल्या कामाच्या गरजा प्रथम लिहून काढल्या पाहिजेत. विचार करता त्यांच्या गरजा चार ठरल्या. मराठी अक्षरे शुद्ध राहिली पाहिजेत. झालेली चूक लवकर ध्यानात आली पाहिजे. जाळ्याची जोडणी तुटली तरी काम चालू राहिले पाहिजे. आणि केलेले काम पुढेही आपल्याच हाती राहिले पाहिजे.

संपादकांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात खुणा दिसतच नाहीत. पान जसे वाचकाला दिसणार, तसेच ते लिहिणाऱ्यासमोर येते. 'फ्रंटपेज' हा एके काळी फार प्रसिद्ध असलेला संपादक या प्रकारचा होता. १९९६ साली तो मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीचा झाला. खुणांचे ज्ञान नसलेल्या माणसालाही त्याच्या साहाय्याने पान तयार करता येत असे. हा त्याचा मोठा गुण होय. परंतु तो स्वतःच्या मनाने पुष्कळ अनावश्यक खुणा पानात घालीत असे, त्यामुळे पान अकारण जड होई. शिवाय वाचकांची संख्या मोजणे यांसारख्या त्याच्या काही सोयी चालण्यासाठी दूरच्या संगणकावरही त्याच कंपनीची एक विशेष आज्ञावली लागत असे. २००६ साली कंपनीने फ्रंटपेज बंद केले. त्या सोयींवर विसंबलेल्या पानांच्या मालकांना पुढे ती कामे नव्याने करावी लागली. आरंभीची सोय पुढे अडचण कशी होऊ शकते, हे यावरून कळते.

दुसऱ्या प्रकारात सर्व खुणा डोळ्यांसमोर असतात. यांतील सर्वांत साधा संपादक म्हणजे 'नोटपॅड'. तो लहान आहे, संगणकात आधीपासूनच असतो आणि जुन्या यंत्रावरही सहज चालतो. परंतु पूर्वी त्यात मराठी लिहिणाऱ्याला एक धोका असे. पान जतन करताना योग्य संकेतप्रणाली निवडली नाही आणि समोर आलेल्या सूचनेकडे दुर्लक्ष केले, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरत असे. २०१९ सालापासून जगातील सर्व लिप्या सांभाळणारी संकेतप्रणाली त्यात आपोआप निवडली जाऊ लागली, तेव्हा तो धोका बराच टळला.

याच प्रकारातील 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा संपादक २०१५ साली आला. तो विनामूल्य मिळतो आणि एकदा संगणकात बसविला, की जोडणी नसतानाही त्यावर पान लिहिता येते. खुणा एका रंगात आणि मजकूर दुसऱ्या रंगात दाखविल्यामुळे डोळ्यांना त्या वेगळ्या ओळखू येतात. आरंभीची खूण लिहिताच शेवटची खूण तो स्वतःच लिहून देतो. त्यात तयार झालेले पान साध्या मजकुराचेच असते, म्हणून उद्या तो संपादक नाहीसा झाला तरी ते दुसऱ्या कोणत्याही संपादकात उघडते. हे गुण खरोखर मोठे आहेत.

त्याच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आज्ञांच्या याद्या मुलांपुढे इंग्रजीत येतात. नोटपॅडच्या मानाने तो जड असल्याने जुन्या संगणकावर मंद चालतो. एखादी खूण बंद करावयाची राहिली, तर तो प्रत्येक वेळी सावध करीलच असे नाही. आणखी एक उणीव सहजासहजी ध्यानात येत नाही. उद्गारचिन्ह लिहून एक कळ दाबली, की तो पानाचा सांगाडा तयार करून देतो. परंतु त्या सांगाड्यात पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद असते. ती बदलून मराठी केली नाही, तरी डोळस वाचकाला काहीच फरक दिसणार नाही. अंध वाचकांसाठी मात्र पान मोठ्याने वाचून दाखविणारी यंत्रे असतात आणि ती या नोंदीवरून भाषा ओळखतात. नोंद चुकली, तर गावाची सारी माहिती त्या वाचकाच्या कानी वेडीवाकडी पडेल.

पान लिहून झाल्यावर मुलांनी ते वाचून पाहिले. "गावाभोवती खोल दऱ्या आहेत" असे लिहावयाचे होते. तेथे "गावाभोवती खोल दर्या आहेत" असे उमटले होते! दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि दर्या म्हणजे समुद्र. एका अक्षराच्या चुकीने सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र आला. हा दोष संपादकाचा म्हणावा काय? नीट पाहता तसे म्हणता येत नाही. मराठीतील या अक्षरासाठी 'ऱ' असा स्वतंत्र वर्ण संगणकाच्या वर्णमालेत आहे. तो न लिहिता साधा 'र' लिहिल्यामुळे ही चूक झाली. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली जोडली असती, तरी तिने ती दाखविलीच असती असे नाही. कारण 'दर्या' हाही शुद्ध शब्दच आहे. साधनाचा दोष कोणता आणि वापरणाऱ्याचा कोणता, हे वेगळे करता येणे हाही पारखीचाच भाग आहे.

शेवटी मुलांनी आपला अभिप्राय लिहिला: "हा संपादक आमच्या कामाला योग्य आहे. काम आमच्याच हाती राहते, जोडणीवाचून अडत नाही आणि मराठी अक्षरे शाबूत राहतात. परंतु भाषेची नोंद आपण स्वतः बदलावी आणि पान दोघांनी वाचल्याखेरीज प्रसिद्ध करू नये." या अभिप्रायात गुण आहेत, दोष आहेत आणि त्या दोषांवर उपायही आहेत. केवळ स्तुती केली असती तर पुढचा फसला असता. केवळ निंदा केली असती तर एका चांगल्या साधनाला तो मुकला असता. हाच संपादक वर्षातून एकदाच एखादी सूचना बदलणाऱ्या माणसाला कदाचित गैरसोयीचा वाटेल आणि त्याला नोटपॅडच पुरेल. गवत कापण्याचा विळा आणि लाकूड तोडण्याचा कोयता यांत श्रेष्ठ कोण, हे काम ठरल्यावाचून सांगता येत नाही.

स्वाध्याय

१. विळा घेणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न कोणता होता? तो महत्त्वाचा का?
२. फ्रंटपेजचा एक गुण व दोन दोष सांगा.
३. पानावरील भाषेची नोंद चुकल्यास कोणत्या वाचकाला त्रास होईल? का?
४. 'दऱ्या' व 'दर्या' हे शब्द निरनिराळ्या वाक्यांत वापरा. अशीच आणखी एक जोडी शोधा.
५. तुमच्या घरातील एखाद्या साधनाचे गुण, दोष व त्यांवरील उपाय दहा ओळींत लिहा.