लायगेजला कसं कळतं, कोणता तुकडा कोणाला जोडायचा?



'लायगेज हे विकर डीएनएचे तुकडे जोडते' हे वाक्य आपण पाठ करतो. पण परीक्षानळीत अनेक एकेरी तुकडे तरंगत असताना योग्य जोडी लायगेज कशी निवडतं? खरं सांगायचं तर ते निवडतच नाही!

आधी पाहू, तुकडे जोडायचेच कशाला? डॉ. हरगोविंद खोराना यांना यीस्टच्या एका टी-आरएनएचं जनुक कृत्रिमरीत्या बनवायचं होतं. लांबी ७७ अक्षरजोड्या. रसायनशास्त्राने एकेक अक्षर जोडत गेलं, तर प्रत्येक पायरीला थोडे धागे अपुरे राहतात. समजा, दर पायरीला ९५ टक्के यश मिळालं. २० अक्षरांचे धागे १०० पैकी सुमारे ३८ पूर्ण होतील. ७७ अक्षरांचे मात्र जेमतेम २! म्हणून त्यांनी छोटे एकेरी तुकडे बनवले आणि ते विकरांनी जोडले.

पायरी १ : टोक तयार करणे. लायगेजला एका तुकड्याच्या ३' टोकाला हायड्रॉक्सिल गट आणि शेजारच्या तुकड्याच्या ५' टोकाला फॉस्फेट गट लागतो. रासायनिक पद्धतीने बनवलेल्या तुकड्यांना सहसा हा फॉस्फेट नसतो. पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज हे विकर एटीपीकडून फॉस्फेट घेऊन तो तिथे बसवतं.

पायरी २ : शेजारी आणणे. समजा, पहिला तुकडा टी-जी-सी ने संपतो आणि दुसरा टी-ए-जी ने सुरू होतो. आता ए-सी-जी-ए-टी-सी असा तिसरा धागा घ्या. (समोरासमोर जुळवून लिहिलाय, त्याची दिशा उलट असते.) ए समोर टी, जी समोर सी, असं जुळून दोन्ही तुकडे या आधारधाग्यावर चिकटून शेजारी बसतात. प्रत्यक्षात जुळणी पक्की राहावी म्हणून याहून जास्त अक्षरं ठेवतात. गवंडी वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आणतो ना, तसंच हे. खोरानांच्या जनुकात दोन्ही बाजूंचे तुकडे असेच एकमेकांना आधार देत होते.

पायरी ३ : जोड देणे. लायगेज एटीपीतला एएमपी भाग ५' फॉस्फेटवर चढवतं. मग शेजारचा हायड्रॉक्सिल त्या फॉस्फेटशी जोडला जातो, एएमपी सुटतो आणि धागा अखंड होतो. सांध्याजवळची अक्षरं जुळलेली नसतील, तर जोड सहसा बसत नाही.

म्हणजे निवड अक्षरांच्या जुळणीची. लायगेजचं काम फक्त सांधा पक्का करण्याचं.

१९७० मध्ये खोरानांनी हे जनुक तयार झाल्याचं जाहीर केलं. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने बनवलेलं दुसरं जनुक तर ई. कोलाय जिवाणूत काम करू लागलं!

आता तुम्ही सांगा : एक तुकडा जी-सी-ए ने संपतो, दुसरा टी-टी-सी ने सुरू होतो. आधारधागा कोणता? कागदाच्या पट्ट्यांवर अक्षरं लिहून जुळवून पाहा. आणि आधारधागाच काढून घेतला तर काय होईल, तेही वहीत लिहा.