खत आणि कुरण

दुरून पाहणाऱ्याला कुरण एकसारखे हिरवे दिसते. खाली वाकून पाहिले, तर चटईएवढ्या जागेतही गवताचे अनेक प्रकार, द्विदल वनस्पती आणि रानफुले एकमेकांना खेटून वाढलेली आढळतात. अशा कुरणाला खत घातले, तर काय होईल? गवत वाढेल. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉझ व जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे भाग पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला. वाळलेल्या चाऱ्याचे उत्पन्न वाढवणे, एवढाच हेतू होता. (लॉझ हे स्वतः सुपरफॉस्फेट खताचे उत्पादक होते.) उत्पन्न वाढलेही, परंतु दोन-तीन वर्षांतच प्रत्येक भागात जणू वेगळे बियाणे पेरले असावे, असे रूप दिसू लागले. हा प्रयोग आजही चालू आहे. खत न दिलेल्या भागांत तीस-चाळीस जाती नांदतात. जेथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट पडले आणि चुना दिला गेला नाही, तेथे जमीन आम्लधर्मी होऊन दोन-तीनच जाती उरल्या.

आम्लता हे एक कारण झाले. दुसरे कारण प्रकाशाचे आहे. जमिनीत अन्न बेताचे असते, तेव्हा कोणत्याही एका जातीला मुसंडी मारता येत नाही. नत्र मिळताच उंच गवते भराभर वाढतात आणि त्यांच्या सावलीत ठेंगण्या वनस्पती मरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खत दिलेल्या गवताच्या बुडाशी दिवे लावले, तेव्हा जातींची ही हानी टळली.

जाती घटल्या तरी चारा मिळतोच. मग बिघडले कुठे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिळाले. तेथील सीडर क्रीक येथे डेव्हिड टिल्मन १९८२ पासून गवताळ वाफ्यांना नत्राच्या वेगवेगळ्या मात्रा देत होते. १९८७-८८ मध्ये तीव्र दुष्काळ पडला. अनेक जातींच्या वाफ्यांतील उत्पादन सुमारे निम्म्यावर आले. मोजक्या जातींच्या वाफ्यांत ते जेमतेम आठवा हिस्सा राहिले. जाती पुष्कळ असल्या, की एक करपली तरी पाण्याची ओढ सोसणारी दुसरी तिची जागा भरून काढते.

यावर एक वजनदार आक्षेप आला. या वाफ्यांतील जाती खतामुळेच घटल्या होत्या. मग दोष जातींच्या कमतरतेचा, की खताचा? याचा निवाडा व्हावा म्हणून खताला फाटा देऊन, एकपासून सोळापर्यंत जाती मुद्दाम पेरलेले वाफे तयार झाले. २००६ साली त्यांचे निष्कर्ष आले: जास्त जातींच्या वाफ्यांचे एकूण उत्पादन वर्षानुवर्षे अधिक स्थिर राहिले होते.

सीडर क्रीकच्या काही वाफ्यांना दहा वर्षे भरपूर नत्र देऊन नंतर ते थांबवण्यात आले. वीस वर्षे लोटली, तरी त्यांतील जातींची संख्या खत न दिलेल्या वाफ्यांच्या बरोबरीला आली नव्हती.