अनुदान मिळालं, पुढे काय?

शहराला बसमार्गासाठी केंद्राचं अनुदान कसं मिळायचं? पुण्याचं उदाहरण घेऊ.

डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम योजना सुरू झाली. तिच्या अटी तीन होत्या : शहर विकास आराखडा, प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर, आणि सुधारणांचा करार. पुण्याच्या गटातल्या शहरांना १०० कोटींच्या कामात केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि पालिकेचे ३० कोटी असायचे. केंद्राचा वाटाही चार हप्त्यांत यायचा. म्हणजे पहिल्यांदा हातात फक्त साडेबारा कोटी! पुढचं, काम दाखवल्यावर.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी धावू लागली. पण खरी गोम पुढेच आहे. बाबांनी बाइक घेऊन दिली, तरी पेट्रोल आपल्यालाच भरावं लागतं ना? तसंच हे. अनुदानातून मार्ग बांधला जातो; ड्रायव्हरचा पगार, इंधन, दुरुस्ती हा खर्च रोजचा.

आता छोटं गणित. समजा, बस लिटरला ४ किमी जाते. ४० प्रवासी असतील तर लिटरमागे १६० प्रवासी-किमी. ४५ किमी देणाऱ्या बाइकवर एकटाच असेल तर ४५. पण बसमध्ये आठच जण असतील तर? फक्त ३२! म्हणजे रिकाम्या बसपेक्षा बाइक बरी.

बस भरते ती वेळेवर आली तर, आणि स्टॉपपर्यंत धड फुटपाथ असेल तर. उद्या डीपीआर आपल्यापैकीच कुणीतरी लिहील. तेव्हा मार्गाच्या लांबीआधी हा हिशोब मांडा.