मुक्या सोबत्याचे दुःख

घरचा कुत्रा मेला की आपण घरात रडतो, बाहेर लपवतो. ‘जनावरच ते’, असे लोक म्हणतील म्हणून. पण नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवू या (२ शमुवेल १२). गरिबाची मेंढी त्याच्याच घासातले खाई, त्याच्या उराशी निजे. त्या मायेला पवित्र शास्त्र हसत नाही.

प्राण्यांवर प्रेम करावे, मात्र माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये, अशी ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आहे (परिच्छेद २४१८). म्हणून रडू या, मुलांनाही रडू देऊ या. ‘तो स्वर्गात भेटेल का?’ असे मुलाने विचारले, तर खोटे वचन नको. देवाला एका चिमणीचाही विसर पडत नाही (लूक १२:६), एवढे खात्रीने सांगू या.

त्याला फिरवण्याची वेळ आता रिकामी आहे. त्या वेळी शेजारच्या एकट्या वृद्धाजवळ थोडे बसू या.