आधी कामाचे, मग बाकीचे

बाजाराच्या दिवशी नेकनूरला आजूबाजूच्या गावांतली माणसं उतरतात. बाजार होतो आणि त्याच फेरीत कागदपत्रांचं कामही उरकतं. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाची पीएम किसानची ई-केवायसी राहिलेली असते. जुलैत पीकविम्याची गर्दी वेगळीच. गिऱ्हाईक सेवा केंद्राच्या दारात आणि कॉम्प्युटर अजून चालूच होतोय, अशी वेळ आली की लगेच ‘मशीन जुनं झालं’ म्हणून मोकळा होऊ नको, लेकरा. आधी एवढं करून बघ.

दुखणं कुठं आहे ते ओळख. बटण दाबल्यावर कंपनीच्या नावापाशीच स्क्रीन अडकत असेल, तर तिथं प्रोग्रॅमचा दोष नाही. मागं विसरलेला पेनड्राइव्ह किंवा जास्तीची हार्ड डिस्क काढून बघ. डेस्कटॉप येतो, पण त्यानंतर क्लिक केलं तरी काही उघडत नाही, माऊसशेजारी गोल फिरत राहतो, तर समज की पाठीमागं गर्दी झाली आहे. हार्ड डिस्कचं हेड एका वेळी एकाच जागचं वाचतं. दहा प्रोग्रॅमनी एकदम फाइली मागितल्या की ते नुसतं इकडून तिकडं पळतं. बाजारच्या फाट्यावर सगळ्यांनी एकदम गाड्या घातल्या की जे होतं, तेच इथं होतं.

आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघड. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ सापडेल. त्यात ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ म्हणून रकाना आहे. तिथं ‘हाय’ लिहिलंय, म्हणजे तो प्रोग्रॅम सुरुवातीलाच प्रोसेसरचा सेकंदाहून जास्त वेळ खातो किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त उलाढाल करतो. नको असलेल्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ कर. त्यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही. आपोआप उघडायचा तेवढा थांबतो, लागेल तेव्हा हातानं उघडता येतो. एखाद्या कोपऱ्यात अजून विंडोज ७ असेल, तर तिथं हीच यादी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये मिळते.

कुणाला बसवायचं, कुणाला उठवायचं. गाण्याचं ॲप, टॉरेंट, टीम्स, गेमचा लाँचर यांचं सकाळी सकाळी काही काम नसतं. ब्राउझरचंही बघ. क्रोम बंद केला तरी पाठीमागं चालू राहण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये असते, एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ असतो. दोन्ही बंद करता येतात. पण अंगठ्याच्या मशीनच्या आरडी सर्व्हिसला हात लावू नको. ती बंद पडली की अंगठा लागत नाही आणि म्हातारी माणसं उगाच हात धुऊन पुसून परत परत बोट टेकवत बसतात. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा प्रोग्रॅम, अँटिव्हायरस आणि मराठी टायपिंगसाठी आयएसएम लागत असेल तर तो, हे राहू दे. नाव ओळखीचं नसेल तर आधी ते नेटवर शोध, मग ठरव.

सगळे एकदम बंद करू नको. दोन-तीन बंद कर, मशीन रीस्टार्ट कर, प्रिंटर आणि अंगठा चालतोय का बघ. काय बंद केलं ते काउंटरच्या वहीत तारखेसह लिही. उद्या काही अडलं तर दुसऱ्या पोराला शोधत बसावं लागणार नाही.

अँटिव्हायरस एकच ठेव. दोन घातले म्हणजे दुप्पट राखण होते असं नाही. दोघंही तीच फाइल तपासतात आणि मशीन दमतं. विकतचा घेतला असेल तर मुदत संपलेला जुना नीट अनइन्स्टॉल कर. कुठलाच घेतला नसेल तर विंडोजमधला डिफेंडर चालू आहे एवढी खात्री कर.

शटडाउन आणि रीस्टार्ट एक नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शटडाउन केलं तरी सिस्टिमचा काही भाग डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो, म्हणून आतला गुंता दुसऱ्या दिवशीही तसाच राहू शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. मशीन विचित्र वागायला लागलं की पहिला उपाय रीस्टार्ट. आणि लाइट गेली म्हणून मशीन धाडकन बंद पडू देऊ नको. यूपीएसची बॅटरी चांगली ठेव.

पैसे सगळ्यात शेवटी. एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवरच अडकत असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळं बारीक बारीक फाइली झटक्यात निघतात. फक्त पैसे टाकायच्या आधी मशीन विंडोज ११ घेतं का ते विचार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय, आणि आपल्या काउंटरवरून लोकांचे आधार नि बँकेचे कागद जातात. मशीन चपळ झालं पण सुरक्षित नसलं, तर ते सेवा केंद्रात ठेवू नको.