इंटरनेटची चाहूल : डी.एन.एस. कॅशची ओळख

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मोबाईलवर काही आले, की बाबा तो माझ्यापुढे धरतात. गेल्या दिवाळीनंतर पीकविम्याच्या नावाने एक संदेश आला. "दाबू का?" बाबांनी विचारले. "दाबा," मी म्हटले. एक ॲप उतरले, आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या चुकाऱ्यातले १८,००० रुपये खात्यातून गेले. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवताना मनात एकच प्रश्न होता : असे ॲप राळेगाव तालुक्यात आणखी किती घरांत उतरले असेल? आणि ते कोणाला वेळीच कळू शकले नसते का? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

इंटरनेटवर पत्ते अंकांत असतात. माणसाच्या लक्षात मात्र नावे राहतात. नावावरून पत्ता सांगणारी डी.एन.एस. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. आपला मोबाईल ठरलेल्या एका डी.एन.एस. सर्व्हरला नाव विचारतो. त्याला ठाऊक नसेल तर तो इतर सर्व्हरांना विचारून पत्ता आणतो, आणि ठराविक मुदतीपर्यंत स्वतःजवळ ठेवतो. या साठ्याला कॅश म्हणतात. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे!

किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय दुकानदार यवतमाळहून कोणतीच वस्तू आणीत नाही. आपण जाऊन एवढेच विचारायचे, "अमुक वस्तू आहे का? नसेल तर मागवू नका." उत्तर "आहे" असे आले, तर आपल्याआधी कोणीतरी ती मागितली, हे उघड झाले. कोणी, ते मात्र कळत नाही. डी.एन.एस. सर्व्हरलाही असाच प्रश्न विचारता येतो. "मागवू नका" ही अट महत्त्वाची; नाहीतर आपल्याच प्रश्नाने फळी भरायची आणि मोजणी खोटी ठरायची. चोरट्या ॲपलाही आपल्या धन्याशी बोलण्यासाठी पुष्कळदा एखादे नाव विचारावे लागते. ते नाव फळीवर दिसले, की धोका दाराशी आला असे समजावे.

ही नुसती कल्पना नाही. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या काही संगीताच्या सीडींतून एक प्रोग्रॅम संगणकात शिरून लपून बसत होता. डॅन कामिन्स्की या तज्ज्ञाने जगभरच्या ३० लाखांहून अधिक सर्व्हरांना वरचा प्रश्न विचारला. ५,६८,२०० सर्व्हरांजवळ त्या प्रोग्रॅमशी संबंधित नावे सापडली. अर्थात ही संख्या सर्व्हरांची, संगणकांची नव्हे. एकाने मागितले काय किंवा हजारांनी मागितले काय, फळीवर वस्तू एकच दिसते. मुदत संपल्यावर रिकामी जागा किती लवकर भरते, हे वारंवार पाहूनच मागणीचा अंदाज बांधावा लागतो. २०२० साली सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या सार्वजनिक सर्व्हरांच्या कॅश अशाच तपासून, दुसऱ्याच्या मोबाईलवर पाळत ठेवणाऱ्या ॲपांचा वापर मोजला.

मग राळेगावचा आकडा मला मिळाला का? नाही. मोबाईल कंपन्यांचे सर्व्हर सहसा बाहेरच्यांना अशी उत्तरे देत नाहीत. प्रथम याचा राग आला. विचार केल्यावर पटले. शहरातल्या मोठ्या दुकानाच्या फळीवरून कोणाचे नाव कळत नाही. पण दहा घरांच्या वस्तीतल्या दुकानात एखादे औषध दिसले, तर ते कोणासाठी आले हे साऱ्या वस्तीला कळते. चोर शोधणारा हाच प्रश्न साध्या माणसाच्या घरातही डोकावू शकतो. म्हणून मोजणी हवी, पण ती ज्यांच्या हाती या नोंदी आहेत त्यांनी करावी, आणि लोकांना धोका सांगावा, माणसांची नावे नव्हेत, असे मला वाटते.

बाबा अजूनही मोबाईल माझ्यापुढेच धरतात. आता मात्र "दाबा" म्हणण्यापूर्वी मी ते नाव अक्षर अक्षर लावून वाचते.